कड्यावरचा मामा

पुसुक बुहितच्या डोंगरावर धुकं चढत होतं आणि जाकार्ताहून आलेला योसुआ, तोबाचं अख्खं तळं एका फोटोत मावावं म्हणून, कड्याच्या अगदी टोकाला जाऊन उभा राहिला होता. त्याला वाट दाखवणाऱ्या, पन्नाशी उलटलेल्या मंगासीने सकाळपासून विनवण्या करून घसा कोरडा केला, पण पोरगं ढिम्म. आता झापल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. पण इथल्या बाताक जमातीचा माणूस परक्याला झापायचं तरी आधी कूळ विचारतो.

“कुणाचा रे तू? कूळ कोणतं?”

“लिंबोंग. का, घरी चुगली करणार?”

मंगासीची आई लिंबोंगांचीच. त्याने कुळाच्या मूळपुरुषापासून कितवी पिढी ते विचारलं, तर पोरगं थेट आईच्या पिढीतलं, म्हणजे नात्याने मामाच निघालं. मामापुढे आवाज चढवायचा नसतो. जिभेवर आलेली शिवी त्याने कशीबशी गिळली.

“मामा,” तो दात आवळून म्हणाला, “भाच्याला आशीर्वाद द्या.”

“मी? अहो काका, तुमचे केस पिकलेत.”

“पिकलेल्या डोक्यालाही मामाचाच हात लागतो. आणि तो तिथून पोहोचत नाही.”

योसुआ ओशाळला, मागे फिरला आणि त्याने मंगासीच्या डोक्यावर हात ठेवला. मंगासीने ते मनगट जे धरलं, ते पायथ्याचं गाव येईपर्यंत सोडलं नाही.

मामाला बोलायची चोरी, म्हणून उतरताना तो वाटेतल्या एकेका धोंड्यालाच झापत होता, “कड्यावर उभा राहतोस काय रे, गाढवा? तुझ्या आईला मी काय तोंड दाखवलं असतं?”