नाव आणि पत्ता

खंडणी द्यायची की नाही, एवढाच प्रश्न उरला होता, आणि पाच सदस्यांपैकी तिघांचे हात वर जायच्या बेतात होते. टॅमरॅक काउंटीच्या, म्हणजे आमच्या जिल्ह्याच्या, कचेरीत मंगळवारी सकाळी सभा भरते, तळघरात. एरवी चार टाळकी असतात. आज उभं राहायला जागा नव्हती.

चोर कुठल्या देशातले, देव जाणे. आठ दिवसांपूर्वी त्यांनी काउंटीच्या सगळ्या कॉम्प्युटरना कुलूप घातलं होतं आणि आतले कागद पळवले होते. शिरले कसे, तर अध्यक्ष लाइल ब्रँडव्होल्डच्या हातून. चर्चमध्ये मयताच्या जेवणाला कोण काय करून आणणार, त्याची यादी म्हणून त्याला ईमेल आली आणि त्याने ती उघडली. आता आमच्याकडे असली यादी न उघडणारा माणूस अजून जन्माला यायचाय, त्यामुळे त्याला कोणी फार बोललं नाही. बायकोने तेवढं बोलून घेतलं.

शुक्रवारपर्यंत पैसे द्या, नाहीतर सगळं जगजाहीर करू, असा चोरांचा निरोप होता. तो वाचून मुख्य कारकून आर्डिस क्वामी आधी हसलीच होती. जमिनीचे कर, पगार, घटस्फोट, कुत्र्यांचे परवाने, सगळं कायद्यानेच उघडं असतं. करा म्हणावं जाहीर, अठरा वर्षं मी फळ्यावर लावतेय, एक मेला वाचत नाही, असं ती म्हणाली होती.

मग तिला आठवलं. एक कागद उघडा नव्हता. नवऱ्याच्या मारातून जीव घेऊन पळून आलेल्या एका बाईचा पत्ता सरकारने झाकून ठेवला होता. मतदारयादीत, गाडीच्या कागदांवर, सगळीकडे पत्ता म्हणून राजधानीतली एक टपालपेटी. खरा पत्ता फक्त आर्डिसच्या कॉम्प्युटरमधल्या बंद फाइलीत, आणि ती फाइलही गेली होती. बाई कोण, हे आर्डिसने सभेला सांगितलं नाही. त्या बाईला मात्र तिने त्याच संध्याकाळी घरी जाऊन सगळं सांगितलं.

म्हणून तर तिघे खंडणी द्यायला निघाले होते. भली माणसं. एका बाईच्या जिवापुढे पैसा काय चाटायचाय, असं लाइलने विचारलं, तेव्हा उरलेल्या दोघांनी माना खाली घातल्या. आज दिले की पुढच्या वर्षी चोर पुन्हा दारात, हे त्यांना कळत होतं. पण ते त्या बाईला कोणत्या तोंडाने सांगणार?

मतदानाआधी कोणाला बोलायचंय का, असं लाइलने रिवाजाप्रमाणे विचारलं. ज्याला बोलायचं त्याला तीन मिनिटं मिळतात. आधी नाव आणि पत्ता सांगायचा. तो इतिवृत्तात जातो, आणि इतिवृत्त गुरुवारच्या पेपरात छापून येतं.

शाळेच्या स्वयंपाकघरातली डॅरला उठली. सहा वर्षं गावच्या पोरांना जेवू घालणारी बाई, कुणाच्या अध्यात ना मध्यात. सभेला ती पहिल्यांदाच आली होती. तिला पुढे येताना पाहून आर्डिस खुर्चीतून अर्धवट उठली.

"नाव आणि पत्ता," लाइल सवयीने म्हणाला.

"डॅरला प्रुइट. चारशे बारा, एल्म स्ट्रीट."

कॉम्प्युटर बंद म्हणून आर्डिस हातानेच लिहीत होती. तिचं पेन थांबलं. पत्त्याची गरज नाही गं, असं ती हळूच म्हणाली. नियम आहे, असं लाइल सांगायला गेला आणि आर्डिसचा चेहरा बघून अर्ध्यावरच गप्प झाला. मग पहिल्या रांगेला कळलं, मग दुसरीला.

"लिही, आर्डिस," डॅरला म्हणाली. "घरनंबर नीट लिही."

ती म्हणाली, सहा वर्षं पडदे ओढून राहिले, दारावर साधी नावाची पाटी लावली नाही, गाडीचा आवाज झाला की दिवा घालवला. तुम्ही पैसे दिले म्हणून चोरांकडचा कागद काही फाटणार नाही. पुन्हा मीच कान देऊन बसणार. पुरे झालं आता. मग तिने पर्समधून एक फोटो काढला आणि टेबलावर ठेवला.

"हा तो. माझा पत्ता याला मिळणारच असेल, तर आधी तुम्हाला मिळू दे. आणि याचं तोंड बघून ठेवा. माझ्या नावावर त्या चोरट्यांना एक दमडी द्यायची नाही."

ती जागेवर जाऊन बसली. फोटो हातोहात मागे गेला. अजून कोणी, असं लाइलने विचारलं.

मागून काठी टेकत ऑर्व्हिल स्टेन्स्रुड आला. विजेच्या खांबांवर चढण्यात उभा जन्म गेलेला म्हातारा. रस्त्यावरचा बर्फ वेळेवर उचलत नाहीत म्हणून दर सभेला लाइलशी भांडायचा. आता हा तीन मिनिटं बर्फ उकरणार, असं वाटून लोकांनी कपाळाला हात लावला. वाटेत हातात आलेला फोटो त्याने चष्म्याजवळ धरून सावकाश पाहिला आणि शेजारच्याला दिला.

"ऑर्व्हिल स्टेन्स्रुड. चारशे अकरा, एल्म स्ट्रीट. हिच्या समोरचं घर. दिवसभर ओसरीवरच असतो."

"बोला, ऑर्व्हिल," लाइल म्हणाला. "तीन मिनिटं आहेत तुम्हाला."

"बोललो की," म्हातारा म्हणाला आणि बाजूला झाला. त्याच्यामागे चारशे दहावाली उभी होती, तिच्यामागे चारशे चौदावाला, आणि रांग पार जिन्यापर्यंत गेली होती.