अंगठ्याएवढा चेहरा

कंबोडियात, नॉम पेन्हच्या घरात मालिस आपल्या आजीच्या डब्यातले जुने फोटो कॉम्प्युटरवर चढवत होती. तळाशी अंगठ्याएवढा चेहरा निघाला, गळ्याखालचा गणवेश कात्रीने कापून टाकलेला. “हा कोण गं आजी?” “मला नाही माहीत.” पन्नास वर्षांपूर्वी काळ्या कपड्यांतल्या बंदूकवाल्यांनी नवऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, तेव्हाही आजीने हेच सांगितलं होतं. हरलेल्या सरकारच्या सैनिकाची बायको ठरली असती, तर कडेवरच्या लेकरासकट मारली गेली असती. मालिस खदखदून हसली. “बघ तरी! या येड्या कॉम्प्युटरने चेहरे जुळवून त्याला माझ्या दादाच्या फोटोंत नेऊन टाकलंय. म्हणतो, दोघे एकच!” आजी स्क्रीनजवळ सरकली. तेच नाक, तेच कान. “यातलं काही हरवत नाही ना?” “तीन ठिकाणी ठेवते मी.” “मग नाव लिही त्याचं.” आजीने उठून आधी दार लावलं, कडी घातली, आणि मग नवऱ्याचं नाव घेतलं.