हाताचा वारा

कोटाचं पेपर कटिंग टेबलावरून उडून थेट गरम इस्त्रीखाली गेलं, तेव्हा शिवणारीचं डोकंच सटकलं.

"बाबा, तो पंखा जरा माणसांकडे वळवा हो!"

बाबांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पंख्यासमोर त्यांचं लाडकं झाड होतं. डोंगरावरच्या घरून येताना मांडीवर धरून आणलेलं, निळ्या फुलांचं, आईच्या हातचं शेवटचं रोप. फुलं कुठली, नुसत्या कळ्या! उंची मात्र बाबांच्या खांद्याला लागलेली. बाबांनी त्याचा दांडा मुठीत धरला आणि रोजच्यासारखा गदागदा हलवला. कुंडीतली माती उडून पांढऱ्या कापडावर पडली.

"घ्या! संध्याकाळी गिऱ्हाईक दारात उभं राहील. काय सांगू, कापडावर माती फुकट?"

"डोंगरावर वारा झोडपतो म्हणून याचं खोड बळ धरतं. इथे वारा नाही, मग आपला हात."

"काठी बांधते म्हटलं, तर तेही नको!"

"काठी दिली की झाड आळशी होतं."

ती कपाळाला हात लावून बसली. आई गेल्यावर तिनेच हट्टाने बाबांना इथे आणलं होतं. स्वतःची खोली त्यांना दिली, शिलाई मशीन बाहेर मांडलं, बाबा रमावेत म्हणून जिवाचं रान केलं. आणि बाबा रमले कशात, तर या काडीत! कुणाचंही टाळकं फिरेल.

"अहो, पण एवढं झोडपून करायचंय काय? राहायचंय तर त्याला घरातच ना?"

बाबांचा हात थांबला.

"छे. थंडी सरली की वर न्यायचंय. आपल्या दारात, आई लावायची तिथे. फक्त खोड तयार व्हायची वाट बघतोय."

"आणि तुम्ही?"

"झाड एकटं कसं जाईल, बाई?"

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. ताडकन उठली, दोन्ही हातांनी दांडा धरला आणि मोडून टाकायचाच म्हणून जोर लावून वाकवला. दांडा वाकला. हात सुटताच सरळ झाला.

बाबा जवळ आले. त्यांनी खोडावरून अंगठा फिरवला.

"बघ," ते हळूच म्हणाले, "झालं की तयार."