फणसाची पाचर

“ओरिजिनल आहे का, एवढंच सांगा अण्णा,” पुष्कर म्हणाला आणि त्यानं बेस गिटार टेबलावर आडवी ठेवली.

वादिराज अण्णांनी चष्मा पुसला. बनशंकरीतल्या त्यांच्या दुकानात मोडकी वाद्यं रोजच यायची. पण साठीला आलेली म्हातारी इतकी ठणठणीत? क्वचितच! अ‍ॅश लाकडाचं अंग, मेपलची मान, मानेवर शिसवीची पट्टी. अंगावरचं पॉलिश पिकून पिवळं पडलेलं. वाजवणाऱ्याचा कोपर टेकतो तिथलं तर पार झिजून लाकूड दिसत होतं.

ती झीज अण्णांनी लगेच ओळखली.

उपेंद्रचा कोपर तिथंच टेकायचा. उपेंद्र म्हणजे अण्णांना धाकट्या भावासारखा. उगादीच्या पाडव्यानंतर गोव्याच्या कार्यक्रमाला म्हणून आपली बेस खांद्याला लावून निघाला, तो गेलाच. फोन बंद, पत्ता नाही. शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीला त्याची बायको मनस्विनी वाटेकडे डोळे लावून बसलेली. आपल्या समाजाच्या जेवणात पोरीच्या घशाखाली घास उतरत नव्हता. बघवत नव्हतं हो.

“कुठं मिळाली ही?” अण्णांनी आवाज साधा ठेवला.

“मित्राची आहे. तो अब्रॉड चाललाय.” पुष्करनं स्टूल ओढलं. “टाइम घ्या. मला काही घाई नाही.”

आता एकच खूण राहिली होती. अण्णांचे वडील वीणा करायचे, आणि वीणा म्हणजे फणसाचं लाकूड. तीच सवय लेकाला. कुठलंही वाद्य येवो, मान सैल झाली की खाचेत पाचर घालायची ती फणसाचीच. उपेंद्रच्या बेसलाही घातली होती. गिटारवाले हसायचे. हसू देत!

अण्णांनी मागचे चार स्क्रू काढले, मान अलगद उचलली. खाचेत नखाएवढी पिवळी पाचर बसलेली होती.

देवा रे! त्यांनी मान घाईघाईनं परत खाचेत बसवली.

“काय झालं?”

“काही नाही. स्वल्प सरस आणतो आतून.”

मागच्या खोलीत त्यांनी फोन काढला. पोलिसांना लावावा? छे! बरंवाईट काही असो, आधी घरच्यांच्या कानावर घालायचं आणि मगच चारचौघांत. समाजाची रीतच होती ती. त्यांनी मनस्विनीला लावला.

“पोरी, उपेंद्रची बेस आलीय दुकानात. घेऊन आलेला माणूस इथंच बसलाय.”

ती म्हणाली, “नक्की तीच, अण्णा?”

“आत माझी पाचर आहे. दुसरं कोण घालणार?”

“आणखी कुणाला सांगितलंत?”

“आधी तुलाच.”

“मग नका सांगू कुणाला. मी येते.”

मारतहळ्ळीहून यायचं म्हणजे ट्रॅफिकमध्ये दोन तास तरी जाणार. तोवर या माणसाला धरून कसं ठेवायचं? अण्णांनी चहा मागवला. पुष्कर मजेत बसला होता.

“शेजारी लाकडाची मिल आहे वाटतं?” त्यानं विचारलं.

“हो. जेवणाची सुट्टी संपली की करवत सुरू होते. मग इथं बोंब मारली तरी कुणाला ऐकू जायचं नाही.”

पुष्करनं मान डोलावली आणि चहा फुंकून प्यायला.

त्याचा कप रिकामा व्हायच्या आत मनस्विनी दारात उभी! अण्णांचा जीव भांड्यात पडला. पोरगी जवळपासच कुठंतरी असणार, देवच पावला म्हणायचा. शेजारची करवत किंचाळायला लागली. अण्णांनी डोळ्यांनीच पुष्करकडे खूण केली: हाच तो.

मनस्विनीनं बेसकडे बघितलंसुद्धा नाही.

“विकायच्या आधी अण्णांना दाखवून बघू, असं मी म्हणत होते ना, पुष्कर, ते याचसाठी,” ती म्हणाली. “ओढ शटर.”