चवड्यांवर

रेवा चालायला लागली तशा खालच्या मजल्यावरच्या युनिटमधून, म्हणजे फ्लॅटमधून, तक्रारी सुरू झाल्या. घरमालकाच्या एजंटने तर भाड्याचं घर रिकामं करायला लावायची तंबीच दिली. आमच्या दोघांच्या पगारात वेस्टमीड उपनगरात दुसरं घर परवडणारं नव्हतं. मग काय, दिवसभर आमचा एकच धोशा, "रेवा, टाचा वर! खाली माणसं राहतात."

या रविवारी माझ्या बायकोला, नीरजाला, आणि मला कधी नव्हे ती एकत्र सुट्टी मिळाली. तीन वर्षांच्या रेवाला घेऊन आम्ही क्रिकेटच्या ओव्हलवर, म्हणजे मैदानावर, गेलो. चहूकडे नुसतं मोकळं गवत. तिचा हात सोडून मी ओरडलो, "पळ! हवी तेवढी पळ!"

ती चवड्यांवरच दोन पावलं गेली आणि थांबली. ओठांवर बोट ठेवून कुजबुजली, "बाबा, इथे खाली कोण राहतं?"