आग्रह

आक्कांनी वाटीत रस्सा एकदाच वाढला आणि पातेल्यावर झाकण ठेवलं. रविवारची दुपार, मटणाचं जेवण आणि मुंबईहून आलेली लेक. अशा वेळी कोल्हापुरात पातेल्यावर झाकण ठेवतं का कुणी?

पूर्णिमानं वाटी संपवली, थोडी थांबली आणि भाकरी कोरडीच चावत राहिली. मागायचं नसतं. वाढणाऱ्यानं 'घे की' म्हणायचं, जेवणाऱ्यानं 'बास' म्हणायचं, आणि त्या बासकडं साफ दुर्लक्ष करून वाटी भरायची, ही इथली रीत. आक्कांनी 'घे की' म्हटलंच नव्हतं. समोर आण्णा मुकाट्यानं उठले, झाकण काढून स्वतःच्या हातानं रस्सा घेतला आणि परत पाटावर येऊन बसले. त्यांना सवय झालेली दिसत होती.

पूर्णिमाला दिवाळी आठवली. तेव्हा तिचा नवरा वरद या घरातून अर्धपोटी उठला होता. बिचाऱ्यानं जावयाच्या थाटात 'बास' म्हटलं आणि खरंच बास झालं. परतताना कराडला गाडी थांबवून त्यानं वडापाव खाल्ले. तेव्हा तिला हसू आलं होतं.

आज हसू येत नव्हतं. तिच्या वेबमालिकेचा चौथा सीझन लिहायचा होता आणि उद्या कंपनीला होकार कळवायचा होता. मालिका एका कुटुंबाची, म्हणजे यांचीच. त्यातली आई म्हणजे आक्का, हे गावात, कळंब्यात, शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

"आक्का," ती ताटाकडं बघत म्हणाली, "कंपनीवाले म्हणतात, चौथ्या सीझनमध्ये आईला मारा."

आण्णांचा घास हातातच राहिला. "कुणाला मारा?"

"मालिकेतल्या आईला, आण्णा."

"म्हंजे हिलाच की! उद्या डेअरीवर दूध घालाय गेलो तर लोकं माझं सांत्वन करतील."

"मी काय करू? समीक्षकांनीच लिहिलंय. तिसरा सीझन पडला तो आईमुळं, म्हणे."

ते आण्णांना सांगायची गरज नव्हती. पेपरात लेकीच्या मालिकेचं परीक्षण आलं की ते बाहेरच्या सोप्यात बसून मोठ्यानं वाचत, अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं. पहिल्या सीझनचं वाचताना त्यांचा आवाज भरून आला होता. जेवताना लेक वाटीवर हात आडवा धरते आणि आई तिच्या बोटांवरूनच रस्सा ओतते, त्या एका दृश्यावर समीक्षकानं अर्धा रकाना खर्ची घातला होता. आख्खं मराठी घर त्या वाटीत मावलंय, असं म्हणाला होता. दुसऱ्या सीझनला त्याच माणसानं लिहिलं, या बाईच्या 'घे की' आणि 'जेवलीस का'नं आता कान किटले. तिसऱ्याला लिहिलं, आई पडद्यावर असून नसल्यासारखी. तिच्यातला जीवच गेलाय.

त्या तिसऱ्या परीक्षणाचा पूर्णिमाला राग होता. तिनं जशी दिसली तशीच आई लिहिली होती. दुसऱ्या सीझननंतर आक्का फोनवर 'बरं हाय' एवढंच म्हणायच्या आणि फोन आण्णांकडं द्यायच्या. वय झालं असेल, असं तिनं गृहीत धरलं आणि तसंच लिहून टाकलं.

"मार की," आक्का म्हणाल्या.

"आक्का, तुला वाईट वाटत असेल तर..."

"वाईट कशाचं? त्यो लिवणारा खोटं लिवत न्हाय. मागं म्हणाला, ही बाई लई बोलती, लई मागं लागती. म्हटलं, आसंल. घरातली माणसं तोंडावर कशाला सांगतील? भायेरच्याला दिसतंय ते. मग गप बसलो. एकदा वाढायचं आन् झाकण लावायचं."

"म्हणून तू फोनवर पण..."

"जेवलीस का म्हणून इचारायचं न्हाय, आसं ठरवलं. त्याचाच कटाळा आलता न्हवं सगळ्यास्नी?" आक्कांनी पदरानं मान पुसली. "आता गप बसलो तर म्हणतोय, जीव न्हाय. मग ऱ्हायचं तरी कसं माणसानं? दमलो बघ मी, पोरी."

आण्णा खाली मान घालून भाकरी चुरत राहिले. मोठ्यानं वाचलं होतं ते त्यांनीच.

अगं, ती बाई तू नव्हेस, ती मी लिहिलेली आहे, एवढंच पूर्णिमाला सांगायचं होतं. पण पहिल्या सीझनचं बक्षीस घेताना स्टेजवरून तिनंच सांगितलं होतं, यातला एकही शब्द माझा नाही, सगळे माझ्या आक्काचे. तेव्हा आक्का पहिल्या रांगेत बसल्या होत्या, नवं लुगडं नेसून.

तिनं वाटी पुढं केली.

"आक्का, वाढ मला."

आक्कांनी झाकण काढलं आणि एक पळी रस्सा घातला. पूर्णिमानं लगेच वाटीवर हात आडवा धरला आणि "बास" म्हणाली. मग ती थांबली. लहानपणी भाजायची तशी बोटं भाजावीत म्हणून थांबली.

पळी पुन्हा भरून वर आली. वाटीपर्यंत आली आणि तिथंच अडली. तांबडे थेंब ताटात पडत होते. आक्कांनी लेकीच्या हाताकडं पाहिलं, मग तिच्या तोंडाकडं.

"चौथ्यात काय लिवणार हाईस?" त्यांनी विचारलं. "हिथं मी वततो, का न्हाय?"