मुलीच्या बापाचा डाव

लेक मथुरेच्या लग्नासाठी काशीरामपंतांनी वर्षभरात देवरूखपासून पूर्णगडापर्यंत पाच घरचे उंबरे झिजवले होते. सहाव्या घरी, रत्नागिरीत, मुलाचे वडील भिकाजीपंत म्हणाले, "बोलणी मागाहून. आधी बुद्धिबळाचा एक डाव होऊन जाऊ दे."

भिकाजीपंतांनी सुरुवातीलाच मधली चारी प्यादी धडाधड पुढे लोटली. मागे राजा पार उघडा पडला. घोडा आत घातला की ही सगळी फळी कोसळणार, हे काशीरामपंतांना स्वच्छ दिसत होतं. हात घोड्याकडे गेलाही. पण मुलीच्या बापाने मुलाच्या बापाला हरवायचं कसं? थकल्या मनाने त्यांनी भलतंच प्यादं सरकवलं आणि तासाभरात स्वतःवर मात ओढवून घेतली.

"आपल्यापुढे आमचा कसला टिकाव लागतोय!" ते उसनं हसत म्हणाले.

भिकाजीपंत हसले नाहीत. पट पुन्हा मांडता मांडता ते हळूच म्हणाले,



"गेल्या महिन्यात लांज्याला माझ्या मुलीसाठी मीही असाच हरून आलो, पंत. मथुरा आमची सून झाली असं समजा, आणि आता खरं खेळा बघू."